जेड म्हणजे नेमकं कोणतं झाड? प्रकार ओळखण्याची रीत आणि प्रत्येकाची वेगळी निगा

जेडच्या कुंडीत खोचलेल्या पाटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ‘जेड’ या एकाच नावाने दोन वेगळ्या कुळांतली झाडं विकली आणि वाटली जातात, आणि त्यांच्या उपप्रकारांची नावं तर सर्रास अदलाबदल झालेली असतात. पहिलं झाड क्रॅसुला ओव्हाटा, म्हणजे मोठ्या, जाड, चकचकीत पानांचं मूळ जेड. दुसरं पोर्टुलाकारिया आफ्रा, बारीक पानांचं आणि लालसर काड्यांचं. दोन्ही आफ्रिकेच्या दक्षिण भागातली, दोन्हींची पानं रसरशीत, दोन्हींत पानांच्या जोड्या समोरासमोर येतात. त्यामुळे लांबून पाहिलं तर दुसरं हे पहिल्याचंच पिल्लू वाटतं.

नाव चुकलं की निगाही चुकते. क्रॅसुलाचं एक सुटं पान मातीवर ठेवलं तरी त्यातून नवं रोप उभं राहतं. पोर्टुलाकारियाचं पान मुळं धरतं आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतं. पोर्टुलाकारियाच्या फांदीला तार गुंडाळून वळण देता येतं. क्रॅसुलाची मांसल फांदी त्याच तारेखाली चिरडते. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. क्रॅसुला ओव्हाटाची पानं पोटात गेली तर त्यांना उलट्या होतात, ती मलूल पडतात. पोर्टुलाकारियाची आंबट पानं मात्र हत्तींपासून माणसांपर्यंत सगळे खातात. म्हणून पाणी, ऊन, खत यांचा विचार नंतर. आधी झाड ओळखा.

ओळख पटवायची कशी

झाड भरपूर उजेडात घ्या. एक पट्टी जवळ ठेवा, भिंग असेल तर उत्तमच. पूर्ण वाढलेलं, मधल्या फांदीवरचं पान तपासायचं. शेंड्याचं कोवळं पान सगळ्याच जातींत फसवं असतं.

पायरी 1: खोड पाहा. पानापेक्षा खोड जास्त खरं बोलतं. क्रॅसुला ओव्हाटाची कोवळी फांदी हिरवी आणि बोटाएवढी जाड असते. ती जून होताना करडी-तपकिरी होते, आणि गळलेल्या पानांच्या जागी फांदीभोवती आडव्या वळ्यांसारख्या खुणा राहतात. जुन्या खोडावरून कागदासारखी पातळ साल सुटते. पोर्टुलाकारियाची कोवळी काडी बारीक, लालसर किंवा जांभळट-तपकिरी असते, ताणली तर लवचिक लागते आणि प्रत्येक सांध्याशी जराशी फुगलेली दिसते. काडी लाल, पान नखाएवढं असं दिसलं की बहुतेक निकाल लागलाच.

पायरी 2: पान मोजा. क्रॅसुला ओव्हाटाचं पान साधारण 3 ते 9 सेंमी लांब आणि 2 ते 4 सेंमी रुंद असतं. पोर्टुलाकारियाचं पान जेमतेम 1 ते 2 सेंमी भरतं. मोठ्या पानांचा पोर्टुलाकारिया आणि छोट्या पानांचं क्रॅसुलाही असतं, त्यामुळे नुसत्या मापावर थांबू नका. मापाची सांगड खोडाशी घाला.

पायरी 3: पानाचा पृष्ठभाग तिरक्या उजेडात धरा. क्रॅसुलाच्या पानावर, विशेषतः कडेलगत, टाचणीने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. ही जलरंध्रं, झाडात पाणी जास्त झालं की ते इथून बाहेर येतं. पोर्टुलाकारियाच्या पानावर असे ठिपक्यांचे पट्टे नसतात. पान निळसर-करडं, त्यावर राखेसारखा मेणाचा थर आणि ठिपके लालसर असतील, तर ते ओव्हाटा नसून क्रॅसुला अर्बोरेसेन्स आहे. त्याविषयी पुढे.

पायरी 4: एक पान आडवं मोडा. दोन्ही झाडांतून स्वच्छ पाण्यासारखा रस येतो. दुधासारखा पांढरा चीक आला तर हे जेड नाहीच, युफोर्बियाच्या वर्गातलं काहीतरी आहे. तो चीक डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो, लगेच साबणाने हात धुवा.

पायरी 5: पानांची मांडणी तपासा. दोन्ही जेडमध्ये पानं जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. पानं आलटून-पालटून एकेक येत असतील तर झाड वेगळं आहे. पेपेरोमिया ऑब्टुसिफोलिया नेमकं असंच फसवतं: पान जाड, चकचकीत, गोलसर, पण एकाआड एक.

आता एकेक प्रकार घेऊ.

क्रॅसुला ओव्हाटा: मूळ जेड

फिलिप मिलरने 1768 मध्ये या झाडाचं वर्णन कोटिलेडॉन ओव्हाटा या नावाने केलं, आणि 1917 मध्ये ते क्रॅसुला ओव्हाटा झालं. मधल्या काळात त्याला क्रॅसुला अर्जेन्टिया, क्रॅसुला पोर्टुलाकिया अशीही नावं मिळाली. जुन्या पुस्तकांत किंवा पाट्यांवर ती अजून दिसतात, झाड तेच. मूळ ठिकाण दक्षिण आफ्रिकेचे ईस्टर्न केप आणि क्वाझुलू-नाताल हे प्रांत आणि मोझांबिक. तिथल्या खडकाळ उतारांवर ते माणसाच्या उंचीचं झुडूप होतं.

पान अंडाकृती, शेंड्याकडे रुंद, दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर. रंग गर्द हिरवा, वर चकाकी. चांगल्या उन्हात कडेला लाल रेघ उमटते. ही रेघ जातीची खूण समजू नका, ती उजेडाची पावती आहे: तेच झाड महिनाभर सावलीत ठेवा, रेघ जाईल. ‘रेड टिप’ अशी पाटी पाहून आणलेलं झाड घरात येऊन हिरवंगार झालं, तर फसवणूक झालीच असं नाही; ऊन कमी पडलं.

फुलं पांढरी किंवा फिकी गुलाबी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी, झुबक्यात येतात. त्यासाठी झाड काही वर्षांचं हवं, रात्री मोठ्या आणि थंड हव्यात, आणि त्या दिवसांत पाणी कमी हवं. रात्री खोलीतला दिवा झाडावर पडत राहिला तरी कळ्या धरत नाहीत. कायम उबदार हवेत फुलं क्वचितच येतात, आणि खत घालून ती आणता येत नाहीत.

छोट्या पानांच्या जातीही याच ओव्हाटाच्या. ‘मिनिमा’ आणि ‘क्रॉस्बीज कॉम्पॅक्ट’ यांची पानं मूळ जेडच्या निम्म्याहून लहान, पेरं आखूड आणि वाढ गच्च. ‘क्रॉस्बीज’च्या कडा उन्हात जास्त लाल होतात. पोर्टुलाकारियाशी गल्लत होते ती बहुधा यांचीच, आणि ती सोडवायला खोड पुरेसं असतं: क्रॉस्बीजची कोवळी फांदी जाड आणि हिरवी, पोर्टुलाकारियाची बारीक आणि लालसर.

गोलम आणि हॉबिट

ही दोन्ही ओव्हाटाचीच, पण विकृत पानांची रूपं. यांच्या पाट्या इतक्या वेळा उलटसुलट लागतात, की पाटी न वाचता पान पाहणंच बरं.

गोलमचं पान नळीसारखं. बोटासारखं गोल, वर जाताना किंचित रुंद होणारं, आणि टोकाला तिरपा खोलगट खळगा, जणू एखादी छोटी तुतारी किंवा चोषक. खळग्याची कड उन्हात लाल होते. हॉबिटचं पान मुळात चपटंच, पण त्याच्या दोन्ही कडा मागे वळून देठाच्या बाजूने एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यामुळे खालचा भाग नळीसारखा आणि वरचा भाग चमच्यासारखा किंवा मागे वळलेल्या कानासारखा दिसतो. शंका असेल तर पान मध्यावर आडवं कापा. काप गोल आला तर गोलम. चपटा, किंवा मागे खाच असलेला आला तर हॉबिट.

एकाच झाडावर दोन्ही तऱ्हेची पानं दिसली तर गोंधळू नका. ही रूपं स्थिर नसतात. कमी उजेडात गोलमची पानं लांबट आणि चपटी होतात, ऊन मिळाल्यावर नवी पानं पुन्हा नळीची येतात. पण भरपूर उजेडातही एखादी फांदी साध्या चपट्या पानांची निघाली, तर ती मूळ रूपाकडे परतलेली फांदी आहे. ती जिथून फुटली त्या सांध्यापासून काढून टाका. साधी फांदी विकृत फांदीपेक्षा जोमाने वाढते आणि वर्ष-दोन वर्षांत सगळं झाड साधं करून टाकते.

रंगीत पानांच्या जाती

इथे आधी एक भेद मनात पक्का करायला हवा. काही जातींचा रंग ऊन-थंडीवर येतो-जातो; काहींच्या पानात हरितद्रव्यच जागोजागी नसतं, त्यामुळे तो रंग कायमचा असतो. दोन्ही नमुने ‘व्हेरिगेटेड’ म्हणून विकले जातात, पण त्यांना एकसारखं वागवून चालत नाही.

‘हमेल्स सनसेट’ पहिल्या प्रकारातली. पानाचा वरचा भाग आणि कडा सोनेरी-पिवळ्या, त्यावर लाल किनार. पट्टे नसतात, रंग हिरव्यात विरघळत जातो. थंडीत आणि कडक उजेडात ही जात पेटल्यासारखी दिसते, सावलीत आणि भरपूर पाण्यावर हिरवी होते. हिरवी झाली म्हणून फांदी कापू नका. तिला हळूहळू उन्हात आणा आणि पाण्याच्या पाळ्या लांबवा.

‘ट्रायकलर’ दुसऱ्या प्रकारातली. हिरव्या पानावर पांढऱ्या किंवा मलईच्या रंगाचे लांब फटकारे, आणि कडेला गुलाबी झाक. एक पान दुसऱ्यासारखं नसतं. ‘लेमन अँड लाइम’मध्ये फटकारे पिवळसर-पोपटी असतात आणि कडा सहसा तितकी गुलाबी होत नाही. पांढऱ्या भागात अन्न तयार होत नाही, म्हणून ही झाडं सावकाश वाढतात, आणि तो भाग दुपारच्या थेट उन्हात आधी करपतो. सकाळचं 3-4 तास ऊन आणि नंतर फिकी सावली त्यांना मानवते.

या जातींत दोन टोकं सांभाळावी लागतात. एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती लगेच, शेवटच्या रंगीत जोडीच्या वर कापा. उशीर केला तर तीच झाड व्यापते. उलट, पूर्ण पांढरी-गुलाबी फांदी दिसायला सुरेख असते, पण तिचं कलम जगत नाही, कारण मूळ झाडापासून तोडल्यावर तिला पोसणारं हिरवं काहीच उरत नाही. आणखी एक गोष्ट: ट्रायकलरचं सुटं पान लावलं तर येणारं रोप बऱ्याचदा हिरवं निघतं. रंग टिकवायचा असेल तर फांदीचंच कलम करा, आणि तेही हिरवा-पांढरा रंग समसमान असलेल्या फांदीचं.

क्रॅसुला अर्बोरेसेन्स: निळसर जेड

ही ओव्हाटाची जात नव्हे, क्रॅसुलाचीच पण वेगळी प्रजाती (स्पीशीज) आहे. पान जवळजवळ गोल, नाण्यासारखं, निळसर-चंदेरी. कड लाल आणि पृष्ठभागावर तांबूस ठिपके स्पष्ट. पानावर मेणाची पूड असते. बोट फिरवलं की ठसा उमटतो आणि तो त्या पानावरून जात नाही, म्हणून झाड उचलताना कुंडी धरा, पानं नव्हे. पानं पुसू नका, त्यांवर तेलाची फवारणी करू नका. ओव्हाटाची चकाकी आणि अर्बोरेसेन्सची राख शेजारी ठेवून एकदा पाहिली, की दोघांत पुन्हा गोंधळ होत नाही.

याचीच एक उपजाती अंड्युलाटिफोलिया: पानं लांबट आणि लाटांसारखी वळलेली, पिळलेली, रंग तोच निळसर-करडा. ‘कर्ली जेड’ किंवा ‘रिपल जेड’ म्हणतात ते हेच. पाटीवर याला कित्येकदा ओव्हाटाची जात म्हटलेलं असतं, पण पानाचा मॅट निळसर रंग खरं काय ते सांगतो. अर्बोरेसेन्सला ओव्हाटापेक्षा जास्त ऊन आणि कमी पाणी लागतं. घरातल्या मंद उजेडात त्याची निळाई जाऊन पान मळकट हिरवं पडतं.

पोर्टुलाकारिया आफ्रा: बारीक पानांचं जेड

आधी याला घोळीच्या कुळात धरत, आता डिडिएरेसी कुळात घालतात. मूळ भूमीत आफ्रिकान्स भाषेत याला स्पेकबूम म्हणतात. तिथे त्याचे दाट झुडपांचे पट्टे असतात, आणि हत्ती ते वरून ओरबाडून खातात. तुटून पडलेल्या फांद्या जमिनीला टेकल्या की तिथेच मुळं धरतात. कुंडीतही हाच स्वभाव दिसतो: जितकं छाटाल तितकं दाट फुटतं.

या झाडाची आणखी एक खासियत त्याच्या वाढीचा वेग समजायला उपयोगी आहे. क्रॅसुला कुळातली झाडं पानांची छिद्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. या पद्धतीचं शास्त्रीय नावच मुळी या कुळावरून पडलंय. पोर्टुलाकारिया मात्र पाणी पुरेसं असेल तेव्हा साध्या झाडांसारखं दिवसा काम करतो आणि कोरड पडली की रात्रीच्या पद्धतीवर जातो. म्हणून उन्हात आणि वेळेवर पाण्यावर ठेवलेला पोर्टुलाकारिया झपाट्याने वाढतो. त्याला क्रॅसुलासारखं सतत तहानेलं ठेवलं तर जगतो, पण खुंटतो आणि पानं गाळतो.

याचे प्रकार ओळखायला सोपे आहेत. साधा हिरवा प्रकार उभा वाढतो. ‘व्हेरिगाटा’च्या पानाची कड मलईच्या रंगाची आणि मध्य हिरवा असतो, उन्हात किनारीवर गुलाबी रेघ येते, वाढ खाली झुकणारी, टांगत्या कुंडीला योग्य. ‘मेडिओपिक्टा’ याच्या उलट: मध्य मलईचा, कड हिरवी, काडी लालभडक. सगळ्यांत सावकाश वाढणारा आणि उन्हाने लवकर करपणारा हाच. ‘ऑरिया’ची नवी पानं उन्हात पिवळी, सावलीत हिरवी. ‘मॅक्रोफिला’ची पानं साध्या प्रकाराच्या दुप्पट-तिप्पट, म्हणून तो क्रॅसुला समजला जातो, काडीचा रंग पाहा. ‘प्रोस्ट्राटा’ जमिनीसरपट पसरतो.

बोन्सायसाठी क्रॅसुलापेक्षा हा कितीतरी सरस. पान लहान, पेरं आखूड, छाटणीला दाट प्रतिसाद, आणि खोड काही वर्षांतच जुनाट दिसू लागतं.

जेड म्हणवणारी इतर झाडं

‘ट्रेलिंग जेड’ म्हणजे क्लेनिया पेट्रिया, पूर्व आफ्रिकेतली, सूर्यफुलाच्या कुळातली वेल. पानं कवलांसारखी एकमेकांवर रचलेली, थंडीत जांभळी, फुलं नारिंगी. क्रॅसुला सार्मेंटोसाच्या पिवळ्या कडेच्या पानांना बारीक दाते असतात. दातेरी कड दिसली की ते ओव्हाटा नव्हे. क्रॅसुला पर्फोराटाची पानं फांदीत ओवलेल्या मण्यांसारखी दिसतात. आणि ‘जेड व्हाइन’ ही फिलिपिन्समधली शेंगवर्गीय महावेल आहे. नीलहरित फुलांमुळे तिला हे नाव पडलं, बाकी जेडशी तिचा संबंध नाही.

माती आणि कुंडी

क्रॅसुलासाठी 2 भाग खडबडीत पदार्थ आणि 1 भाग कुजलेलं खत किंवा चाळलेली बागमाती. खडबडीत म्हणजे 2 ते 5 मिमी दाण्याचं परलाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खनिज दाणे), नाहीतर विटेचा चुरा. चुरा चाळून त्यातली धूळ टाकून द्या, कारण धूळ पाण्याबरोबर खाली बसते आणि भोकाशी चिखल करते. बारीक वाळू वापरू नका. ती मातीच्या फटी भरून टाकते आणि निचरा उलट कमी होतो. पोर्टुलाकारियाला दोन्ही भाग समान ठेवा. कुंडी भरून पाणी घातल्यावर ते 10-15 सेकंदांत वरून दिसेनासं व्हायला हवं. साचून राहिलं तर खडबडीत भाग वाढवा.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा 2-3 सेंमीच मोठी घ्या. मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती आठवडाभर ओली राहते आणि कूज तिथून सुरू होते. क्रॅसुलाचा माथा जड असतो, त्यामुळे मातीची जाड बुडाची कुंडी बरी, प्लास्टिकची कलंडते. तळाशी खडे भरू नका. पाणी खड्यांच्या वरच्या मातीत अडकून राहतं. भोकावर जाळीचा तुकडा पुरे.

पाणी आणि ऊन

वार ठरवून पाणी घालू नका. बांबूची काडी 5-7 सेंमी खोल खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. माती चिकटली किंवा काडी गार लागली तर थांबा. दुसरी परीक्षा पानाची. खालच्या जोडीतलं पान अंगठा आणि तर्जनीत हलकं दाबा: क्रॅसुलाचं पान कडक लागलं तर माती कोरडी असूनही दोन-चार दिवस थांबता येतं, किंचित दबलं तर पाणी घाला. पोर्टुलाकारियाचं पान सपाट व्हायला लागलं की लगेच घाला, सुरकुतायची वाट पाहू नका. घालताना भोकातून वाहेपर्यंत घाला आणि बशीतलं पाणी ओता.

रोज 4 ते 6 तास थेट ऊन दोघांनाही आवडतं. पण आतून बाहेर एकदम आणू नका: पहिले चार दिवस एक तास सकाळचं ऊन, मग दर चार दिवसांनी एक तास वाढवा. घाईने आणलेल्या झाडाच्या पानांवर फिकट तपकिरी डाग पडतात आणि ते भरून येत नाहीत. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली जात असेल तर झाडं आडोशाला घ्या. गोठणारी थंडी पानांतलं पाणी गोठवून त्यांचा काळा लगदा करते.

कलम करण्याच्या पायऱ्या

1. निरोगी फांदीचा 8-10 सेंमीचा तुकडा धारदार, स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने सांध्याच्या जरा खाली कापा. खालच्या 3-4 सेंमीवरची पानं काढा.

2. तुकडा सावलीत, हवेशीर जागी उघडा ठेवा. क्रॅसुलाला 5 ते 7 दिवस, पोर्टुलाकारियाला 2 ते 4. कापाचा भाग कोरडा, फिकट आणि बोटाला खरखरीत लागला पाहिजे. सगळ्यात जास्त कलमं याच पायरीवर मरतात, कारण ओल्या जखमेतून बुरशी आत शिरते.

3. वर सांगितलेल्या मिश्रणात, ते जेमतेम ओलसर असताना 3 सेंमी खोल रोवा. हलत असेल तर काडीचा टेकू द्या; हलणाऱ्या तुकड्याची नवी मुळं तुटतात.

4. फिकट सावलीत ठेवा. पहिलं पाणी आठवड्याने, तेही थोडं. 2 ते 4 आठवड्यांत तुकडा हलकेच ओढला तर तो अडतो, म्हणजे मुळं आली. त्यानंतर ऊन वाढवा.

पानापासून करायचं असेल तर फक्त क्रॅसुला घ्या. पान बुडासकट, न फाटता निघालं पाहिजे: डावीकडे-उजवीकडे हलवत सोडवा. 4-5 दिवस वाळवून मातीवर आडवं ठेवा, पुरू नका. आधी गुलाबी मुळं, मग बुडाशी दोन इवली पानं दिसतात. जुनं पान आपोआप वाळून सुटेपर्यंत काढू नका, रोप त्याच्यावरच जगत असतं. गोलमच्या पानातून येणारं रोप नळीच्या पानांचं येईलच असं नाही; त्यासाठीही फांदीच घ्या.

छाटणी

जोमाच्या वाढीच्या दिवसांत करा. क्रॅसुलाची फांदी सांध्यापाशी चिकटून कापू नका, जोडीच्या वर 1-1.5 सेंमी खुंट ठेवा. तो खुंट काही आठवड्यांत वाळून सांध्यापर्यंत मागे येतो आणि स्वतःच गळतो. चिकटून कापलं तर हीच वाळण सांध्याच्या खाली उतरते आणि तिथले डोळे मारते. नीट कापलं तर जोडीच्या दोन्ही बगलांतून दोन फुटवे येतात. पोर्टुलाकारियाच्या नव्या फांदीला चार-पाच जोड्या आल्या की पहिल्या दोन ठेवून वरचं काढा, असं वारंवार. छाटणीनंतर पानं कमी झालेली असतात, तेव्हा पाणीही कमी लागतं. लोक नेमकं हेच विसरतात आणि ताज्या छाटलेल्या झाडाची मुळं कुजवतात.

काय बिघडतं आणि का

पान सुरकुतलेलं, पातळ, पण फांदीला घट्ट असेल तर तहान. पान मऊ, पिवळट, पारदर्शक आणि हात लागताच गळत असेल तर पाणी जास्त झालंय. फसवी अवस्था तिसरी: माती ओली आणि पानं मात्र सुरकुतलेली. मुळं कुजली आहेत, त्यामुळे पाणी असूनही वर चढत नाही. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे झाड घालवणं.

क्रॅसुलाच्या पानावर पांढरे ठिपके दिसले की औषधाची बाटली काढण्याआधी भिंगातून पाहा. ठिपके पानाच्या पृष्ठभागावर, कडेच्या रांगेत, कोरडे आणि ओल्या कापडाने निघणारे असतील तर ते जलरंध्रांतून आलेल्या पाण्याचे क्षार आहेत, रोग नव्हे. कापसासारखे पुंजके पानांच्या बगलेत, चिकट आणि दाबल्यावर ओले होत असतील तर पिठ्या ढेकूण. 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने प्रत्येक पुंजका पुसा, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा, आणि झाड इतरांपासून लांब ठेवा. साबणाच्या आणि तेलाच्या फवारण्या क्रॅसुलाच्या पानांना भाजतात, करायच्याच तर आधी दोन पानांवर करून तीन दिवस थांबा, आणि फवारलेलं झाड उन्हात ठेवू नका.

पेरं लांबली, पानं विरळ झाली, फांदी खिडकीकडे वाकली तर उजेड कमी आहे. लांबलेली पेरं ऊन दिल्यावर पुन्हा आखूड होत नाहीत. उजेड वाढवा आणि मग ती फांदी छाटा.

खोड बुडाशी मऊ, काळपट झालं असेल तर थांबू नका. झाड उपटा आणि खोड खालून वर चकत्या करत कापत जा. प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कापात तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसतंय तोवर आणखी वर सरका. सगळा काप स्वच्छ फिकट हिरवा आला की थांबा. उरलेला तुकडा मोठा असेल तर 8-10 दिवस वाळवा आणि वरच्या पायऱ्यांनी कलम म्हणून लावा. जुनी माती टाकून द्या, कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय तिच्यात दुसरं झाड लावू नका.